रिंगकोबिंग-स्क्येर्न : खारकच्छाचा भूगोल आणि प्रशासनाच्या सीमा

प्रशासकीय घटकाच्या सीमा नैसर्गिक घटकाच्या सीमांशी जुळत्या असाव्यात, अशी अपेक्षा प्रादेशिक भूगोलाच्या अभ्यासकांनी वारंवार व्यक्त केलेली आहे. नदीचे खोरे, दोन डोंगररांगांमधील दरी, एखादे बेट अशा घटकांचा कारभार एका हाती असावा, म्हणजे तेथील पाणी, जमीन व वस्ती यांचा विचार एकत्र करता येईल, असा हा युक्तिवाद होय. ही अपेक्षा प्रत्यक्षात बहुतांशी उतरली असता काय घडते, हे पाहण्याची संधी क्वचितच मिळते. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील रिंगकोबिंग-स्क्येर्न हा स्थानिक स्वराज्याचा घटक ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १ जानेवारी २००७ रोजी पाच जुने घटक एकत्र करून तो निर्माण करण्यात आला, आणि रिंगकोबिंग फ्योर्ड ह्या विस्तीर्ण जलाशयाचा जवळजवळ सर्व काठ त्यामुळे एका परिषदेच्या अधिकारक्षेत्रात आला. असे असूनही ह्या जलाशयाचे भवितव्य त्या परिषदेच्या हाती पूर्णतः आलेले नाही. ते का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच दोन संज्ञांचा खुलासा करणे इष्ट होईल. आपल्या पाठ्यपुस्तकांत फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली व पुढे समुद्राने व्यापलेली, उभ्या कड्यांची खोल दरी, असे शिकविले जाते, व उदाहरण नॉर्वेचे दिले जाते. डॅनिश भाषेत मात्र हा शब्द जमिनीत शिरलेल्या कोणत्याही लांबट जलाशयास लावतात. रिंगकोबिंग फ्योर्ड हे वस्तुतः खारकच्छ आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस किलोमीटर असले तरी सरासरी खोली केवळ २ मीटरच्या आसपास आहे. दुसरी संज्ञा 'कोमूने' ही होय. तिचे भाषांतर आपण 'नगरपालिका' असे करतो खरे, परंतु त्यामुळे दिशाभूल होण्याचा संभव आहे. शहर व ग्रामीण पॅरिश यांच्या कारभारातील कायदेशीर भेद डेन्मार्कने १९७० साली रद्द केला. तेव्हापासून कोमूने म्हणजे नगरे, खेडी, शेते व कुरणे यांसह एक सलग प्रदेश असतो. सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर क्षेत्राची आणि ५७ हजारांच्या आसपास लोकसंख्येची रिंगकोबिंग-स्क्येर्न ही क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठी कोमूने आहे. 'नगर' ह्या शब्दाने जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते, त्याच्याशी तिचे साम्य फार थोडे आहे.

प्रदेशाची घडण समजण्यास शेवटच्या हिमयुगापर्यंत मागे जावे लागते. त्या काळी हिमस्तराची कड जटलंडच्या मध्यभागातून उत्तर-दक्षिण दिशेने जात होती, व उत्तरेस ती पश्चिमेकडे वळून आजच्या बोव्हब्येर्गजवळ समुद्रास भिडत होती. ह्या रेषेच्या पूर्वेस चिकणमातीची सुपीक, उंचसखल भूमी आहे. पश्चिमेस मात्र वितळत्या हिमाच्या प्रवाहांनी वाळू आणून पसरली व तिची सपाट मैदाने तयार झाली. ह्या मैदानांतून आधीच्या हिमयुगातील जुने, झिजलेले उंचवटे बेटांसारखे डोके वर काढून आहेत. रिंगकोबिंग-स्क्येर्नचा सारा भूभाग ह्या वालुकामय पश्चिम जटलंडात मोडतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत येथे मैलोगणती हीथची माळराने होती. १८६६ साली स्थापन झालेल्या हीथ सोसायटीने माळरानांच्या लागवडीची जी चळवळ चालविली, तिच्यामुळे ती बहुतेक नाहीशी झाली.

ह्याच मैदानांतून स्क्येर्न नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन खारकच्छास मिळते. लांबीने गुदेनो ही डेन्मार्कची पहिली नदी असली तरी पाण्याच्या प्रमाणाने स्क्येर्न नदी पहिली आहे. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे कोमूनेच्या क्षेत्राहूनही बरेच मोठे आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी. काठ एकाच्या ताब्यात असला तरी त्या काठाशी येणारे पाणी दुसऱ्यांच्या शेतांतून येते.

खारकच्छ आणि उत्तर समुद्र यांच्या मध्ये होल्म्सलँड क्लिट हा वाळूचा दांडा आहे. 'क्लिट' म्हणजे वाळूची टेकडी. सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा व एक ते दोन किलोमीटर रुंदीचा हा अरुंद पट्टा किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूने घडविला आहे. ही वाळू दक्षिणेकडे सरकते, आणि तिच्याबरोबर खारकच्छाचे समुद्राकडील मुखही शतकानुशतके दक्षिणेकडे सरकत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते न्यूमिन्नेगाब येथे, अगदी दक्षिण टोकाशी होते, व तेथेही ते वाळूने वरचेवर बुजत असे. याचे दोन परिणाम झाले. ज्या रिंगकोबिंग नगरास १४४३ च्या सनदेने व्यापाराचे हक्क मिळाले होते, त्याचा समुद्राशी असलेला संबंध जवळजवळ तुटला. आणि नदीचे पाणी बाहेर जाण्यास वाट न मिळाल्याने काठची कुरणे हिवाळ्यात पाण्याखाली राहू लागली.

ह्या अडचणीवर योजलेला पहिला उपाय हा ह्या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग आहे असे मला वाटते. १९१० साली दांड्याच्या मध्यावर, व्हिदे सान्ने येथे, समुद्रापर्यंत कालवा खणण्यात आला. अंतर थोडे होते, वाळू खणण्यास सोपी होती, आणि निचरा व नौकानयन ही दोन्ही कामे एकदम साधणार होती. परंतु कालव्याला दरवाजे नव्हते. जी वाळू माणसाला खणण्यास सोपी, ती प्रवाहाला वाहून नेण्यास त्याहूनही सोपी असते. कालवा झपाट्याने रुंदावला, समुद्राचे खारे पाणी बेलगाम आत येऊ लागले आणि ज्या कुरणांच्या निचऱ्यासाठी तो खणला होता त्यांच्यावरच ते पसरले. १९१५ साली तो बंद करावा लागला व पाण्याला पुन्हा न्यूमिन्नेगाबची जुनी वाट धरावी लागली.

दुसरा प्रयत्न १९२८ ते १९३१ ह्या काळात झाला. त्याच ठिकाणी आता १४ दरवाजांचे जलद्वार व बोटींसाठी स्वतंत्र कुलूपबंद मार्ग बांधण्यात आला. कोकणातील खारबंदिस्तीच्या बांधास जी उघाडी असते, तिचेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर उपयोजिले आहे. बाहेरचे पाणी आतल्या पाण्याहून खाली असेल तेव्हा दरवाजे उघडावयाचे व ते वर चढले की लावून घ्यावयाचे. फरक इतकाच की कोकणात भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने ही संधी दिवसातून दोनदा हमखास मिळते. व्हिदे सान्ने येथे भरती-ओहोटीचा फरक लहान आहे, आणि समुद्राची पातळी प्रामुख्याने वाऱ्यावर अवलंबून असते. पूर्वेचा वारा असला म्हणजे समुद्र उतरतो व निचरा उत्तम होतो. पश्चिमेचे वादळ दिवसच्या दिवस टिकले तर दरवाजे लावूनच ठेवावे लागतात, नेमक्या त्याच पावसाने फुगलेली नदी आतून पाणी ओतीत राहते, आणि वारा खारकच्छाचे पाणी पूर्व काठावर, म्हणजे नगरांच्या व कुरणांच्या बाजूस, ढकलतो.

जलद्वाराबरोबर व्हिदे सान्ने हे गावही वाढले. पूर्वी जेथे ओसाड वाळू होती, तेथे मासेमारीचे एक महत्त्वाचे बंदर उभे राहिले. तेथील वस्ती खऱ्या अर्थाने त्या चौदा दरवाजांची निर्मिती आहे.

मात्र दरवाजे उघडावे केव्हा व किती, हा प्रश्न केवळ निचऱ्याचा नाही. समुद्र वर असताना दरवाजे थोडे उघडले तर खारे पाणी आत येते. त्यामुळे खारकच्छाची क्षारता किती असावी हे जलद्वार चालविणाऱ्याच्या हाती येते. काठच्या शेतकऱ्यास पातळी खाली हवी व मीठ नको. गोड्या वा अल्पखाऱ्या पाण्यातील माशांवर जगणाऱ्या कोळ्यासही फार मीठ नको. सागरी जीवसृष्टीचा अभ्यासक मीठ अधिक असावे असे म्हणतो. नदीत अंडी घालण्यास चढणाऱ्या सामन माशास तर ह्याच दरवाजांतून वाट शोधावी लागते, आणि पश्चिम जटलंडातील सामनचा मूळ वंश स्क्येर्न नदीत टिकून असल्याने ही गोष्ट क्षुल्लक नाही.

१९९५ साली ह्या दरवाजांच्या वापराचे नियम बदलण्यात आले. खारकच्छाचे पाणी खतांच्या अंशांमुळे हिरवट व गढूळ झाले होते, आणि तळच्या वनस्पती कमी झाल्या होत्या. नव्या नियमांनुसार सरासरी क्षारता दर हजारी सुमारे ७ वरून सुमारे १० वर नेण्यात आली. फरक अल्प दिसतो. परंतु तेवढ्यामुळे वाळूत पुरून राहणारा एक शिंपला (मिया आरेनारिया) तेथे तग धरू शकला, लवकरच त्याची वस्ती प्रचंड वाढली, आणि पाणी गाळून अन्न मिळविण्याची त्याची रीत असल्याने १९९६ पासून सारे खारकच्छ निवळले. परिसर-विज्ञानात एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत आकस्मिक संक्रमण झाल्याचे उदाहरण म्हणून ह्या घटनेचा निर्देश केला जातो. तथापि जे अपेक्षिले होते ते सर्वच घडले नाही. प्रकाश अधिक खोल पोहोचल्याने वनस्पती अधिक खोलीवर आढळू लागल्या, पण त्यांचे एकूण प्रमाण थोडेच राहिले. त्या वनस्पतींवर हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांची संख्या त्यामुळे सावरली नाही, उलट घटली. खारकच्छाच्या दक्षिण भागातील टिपर्ने हे द्वीपकल्प १९२८ पासून पक्ष्यांसाठी राखून ठेवलेले आहे, आणि १९७७ साली हा जलाशय रामसर कराराखालील पाणथळींच्या यादीत समाविष्ट झाला. हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या घटीचे महत्त्व कळून येईल.

जलद्वाराच्या इतिहासास समांतर असा नदीचाही इतिहास आहे. १९६२ ते १९६८ ह्या काळात स्क्येर्न नदीचा खालचा भाग सरळ करण्यात आला, दोन्ही बाजूंस बांध घालण्यात आले, पंप बसविण्यात आले, आणि सुमारे ४,००० हेक्टर पाणथळ कुरणे नांगराखाली आणली गेली. धान्योत्पादन वाढावे हा त्यामागील हेतू होता, व त्या काळच्या विचाराप्रमाणे तो गैर म्हणता येणार नाही. परंतु निचरा झालेली पीट जमीन हवेशी संबंध येऊन कुजू लागली व खचू लागली. तिच्यातील लोह व गंधकयुक्त खनिजांचे विघटन होऊन गेरू पाण्यात उतरला. वळणे घेत कुरणांवर पसरताना नदी जो गाळ व जी पोषकद्रव्ये मागे ठेवीत असे, ती आता थेट खारकच्छात जाऊ लागली. १९७० नंतरच्या दशकांत खारकच्छाची जी अवनती झाली, तिच्या कारणांत ह्या कामाचाही वाटा होता.

१९८७ साली डॅनिश संसदेने नदीस तिचे पूर्वरूप देण्याचा विचार मान्य केला, १९९८ साली त्यासाठी कायदा झाला, आणि १९९९ ते २००२ ह्या काळात काम पूर्ण झाले. १९ किलोमीटरचा सरळ प्रवाह २६ किलोमीटरच्या वळणावळणाच्या पात्रात परिवर्तित झाला व सुमारे २,२०० हेक्टर भूमी पुन्हा ओली झाली. ज्या पिढीने ही जमीन कोरडी होताना पाहिली, तिच्यातीलच पुष्कळांनी ती ओली होतानाही पाहिली. जमिनीची अदलाबदल व एकत्रीकरण यांच्या द्वारे बरेच क्षेत्र राज्याने मिळविले. आपली शेते द्यावी लागणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हा निर्णय राजधानीत झालेला होता. ही भावना ह्या भागाच्या राजकारणात खोलवर मुरलेली आहे. ती समजून घेतल्याविना पुढील प्रशासकीय भाग नीट कळणार नाही.

डेन्मार्कमधील ग्रामीण स्थानिक स्वराज्याचा पाया १८४१ च्या अध्यादेशाने घातला गेला. राज्याच्या देखरेखीखाली आपला कारभार आपण करण्याचा कोमूनेचा हक्क १९५३ च्या संविधानातील ८२ व्या कलमात नमूद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास देशात तेराशेहून अधिक कोमूने होत्या. त्यांतील बहुतेक एखाददुसऱ्या पॅरिशएवढ्या होत्या. १९७० च्या पुनर्रचनेने त्यांची संख्या २७७ वर आणली व त्यांच्यावर १४ परगणे, म्हणजे 'आम्ट', ठेवले. २००७ च्या पुनर्रचनेने २७१ कोमूनेंच्या ९८ केल्या. किमान २० हजार लोकसंख्या असावी, असे त्या वेळचे सूत्र होते. आम्टही रद्द झाले व त्यांच्या जागी ५ प्रदेश आले. ह्या प्रदेशांकडे मुख्यतः रुग्णालये सोपविण्यात आली, आणि कर बसविण्याचा अधिकार त्यांना देण्यात आला नाही.

त्या वेळी एग्वाद, होल्म्सलँड, रिंगकोबिंग, स्क्येर्न व विदेबेक ह्या पाच कोमूने एकत्र आल्या. त्यांचे स्वभाव भिन्न होते. रिंगकोबिंग हे जुने व्यापारी नगर असून आम्टचे मुख्यालयही होते. स्क्येर्न हे रेल्वेमुळे वाढलेले गाव, त्यास नगराचा दर्जा १९५८ साली, म्हणजे तो दर्जा निरर्थक होण्यापूर्वी अवघी बारा वर्षे, मिळाला. होल्म्सलँड म्हणजे दांड्यावरील कोळी व उन्हाळी पाहुण्यांची घरे, तर एग्वाद व विदेबेक हा शेतीचा मुलूख. संयुक्त नावातील जोडरेघ ही दोन नगरांमधील तडजोडीची खूण आहे. रिंगकोबिंगचे मुख्य कार्यालय टिकले, पण आम्ट गेल्याने त्याने बरेच गमावलेही. मध्य जटलंड प्रदेशाचे मुख्यालय विबोर्ग येथे आहे, आणि गंभीर आजाराच्या रुग्णास आता हेर्निंगजवळील, २०२२ साली सुरू झालेल्या गोडस्ट्रुप रुग्णालयापर्यंत जावे लागते.

कोमूनेची परिषद चार वर्षांसाठी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडली जाते. परिषद आपल्यातूनच बोर्गमेस्टर, म्हणजे महापौर, निवडते. तो सभेचा अध्यक्ष असतो व दैनंदिन प्रशासनाचा सर्वोच्च प्रमुखही असतो. आपल्याकडील महानगरपालिकांत राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे जी कार्यकारी सत्ता असते, तिला येथे समांतर पद नाही. तथापि महापौरही सर्वसत्ताधीश नसतो, कारण निरनिराळ्या विषयांचा प्रत्यक्ष कारभार सदस्यांच्या स्थायी समित्या सामुदायिक रीतीने पाहतात. शाळा, बालसंगोपन, वृद्धांची सेवा, स्थानिक रस्ते, भूमि-नियोजन ही कामे कोमूनेची होत. खर्चाचा मुख्य आधार म्हणजे रहिवाशांच्या उत्पन्नावरील कोमूने-कर. देशभर त्याची सरासरी सुमारे २५ टक्के पडते. त्यास जमिनीवरील कर, राज्याचे अनुदान आणि संपन्न कोमूनेंकडून दुर्बल कोमूनेंकडे निधी वळविणारी समानीकरण-पद्धती यांची जोड असते. विरळ वस्तीच्या व वृद्धांचे प्रमाण वाढत असलेल्या प्रदेशात शाळांचे व वृद्धसेवेचे अंतर हाच अर्थसंकल्पाचा सर्वांत जड भाग ठरतो. लेम येथे उगम पावलेल्या वेस्टास ह्या पवनचक्क्यांच्या उद्योगासारखी उदाहरणे अपवादात्मक असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००७ नंतर खारकच्छाचा काठ, दक्षिणेकडील न्यूमिन्नेगाबचा तुकडा वगळता, एका कोमूनेत आला. तो तुकडा वार्दे कोमूनेत गेला. ओढे व नद्या यांची देखभालही आम्टकडून कोमूनेकडे आली. परंतु जलद्वार राज्याच्या मालकीचे आहे. पुनर्जीवित नदीखोऱ्यातील बरीच जमीनही राज्याचीच आहे. पक्षी व अधिवास यांच्या रक्षणाची बंधने युरोपीय निर्देशांतून येतात. समुद्रकिनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामास मनाई करणारा नियम राष्ट्रीय कायद्याचा आहे, आणि दांड्यावरील वाळूस बांधून ठेवण्याची परंपरा तर १७९२ च्या राजाज्ञेपर्यंत मागे जाते. नदीच्या वरच्या खोऱ्यातील शेतांत किती खत पडावे, हे शेजारच्या कोमूनेतील शेतकरी व राज्य यांच्यामध्ये ठरते. म्हणजे एकत्रीकरणाने परिषदेस मिळाली ती काठावरच्या लोकांची गाऱ्हाणी एकत्र ऐकण्याची जबाबदारी. पाण्याची पातळी व क्षारता हा अधिकार तिच्याबरोबर आला नाही.

यास केवळ केंद्रीकरणाचा दोष म्हणून चालणार नाही. किनाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. लोदब्येर्गपासून न्यूमिन्नेगाबपर्यंतच्या सुमारे ११० किलोमीटर किनाऱ्याचे रक्षण १९८२ पासून राज्य व स्थानिक संस्था यांच्यातील करारांनुसार, खर्चाची विभागणी करून, चालत आले आहे. जहाजांनी समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर व लगतच्या उथळ पाण्यात टाकणे हा त्याचा मुख्य भाग आहे. हे काम थांबले तर काही ठिकाणी किनारा वर्षाला अनेक मीटर मागे हटेल. किनाऱ्याची वाळू एका कोमूनेच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत वाहते. उत्तरेस कोणी बांध घालून ती अडविली तर दक्षिणेस तुटवडा पडतो. ५७ हजार लोकांच्या करातून एकट्या होल्म्सलँड क्लिटचे रक्षण होणे शक्य नाही, आणि झाले तरी ते शेजाऱ्यांच्या संमतीविना टिकणारे नाही. खारकच्छाच्या बाबतीत सीमा अपुऱ्या पडतात त्या अधिकारांच्या वाटणीमुळे. किनाऱ्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सीमा आखली तरी ती अपुरीच ठरेल.

ह्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या पुन्हा व्हिदे सान्नेच्या दरवाजांपाशी. जलद्वार केवळ उताराच्या बळावर चालते. आतले पाणी बाहेरच्या पाण्याहून वर असेल तेवढाच वेळ निचरा होतो. समुद्राची सरासरी पातळी जसजशी चढेल, तसतसा हा वेळ कमी होत जाईल, आणि हिवाळी पाऊस वाढला तर त्याच थोड्या वेळात अधिक पाणी बाहेर काढावे लागेल. मग पंप बसवावयाचे, खारकच्छाची पातळी वर चढू द्यावयाची, की काठची आणखी काही कुरणे पाण्याला सोडून द्यावयाची, असे पर्याय समोर येतात. पंपांचा खर्च राज्य सोसेल की कोमूने, हा प्रश्न राजधानीत सुटेल. पातळी वर चढू दिली तर रिंगकोबिंगचा बंदरकाठ व पूर्वेकडील सखल शेते यांना ती प्रथम जाणवेल, आणि त्यांचे मालक आपले म्हणणे घेऊन येतील ते परिषदेच्याच सभागृहात.